दिवाणखान्यातली चूल

भुसावळ स्टेशन सोडून गाडी जळगावकडे निघाली की माझी मान आजही आपोआप खिडकीकडे वळते. बायको म्हणते, "झालं, लागले धुराडं शोधायला."  नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, एका दंग्यात डोक्याला टाकेही घेतले. त्यातले पुष्कळसे आता पुसट झाले आहे. पण एका पुस्तकाच्या चोरीची फिर्याद आणि तिच्या तपासात सापडलेले ते घर मात्र जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी भुसावळला फौजदार होतो. भुसावळच्या फौजदाराचा निम्मा वेळ हद्दीच्या भांडणात जायचा. फलाट आणि रूळ रेल्वे पोलिसांचे, गाव आणि रेल्वेची कॉलनी आमची. खिसा गाडीत कापला गेला आणि फिर्यादी बाजारात येऊन ओरडला, तर गुन्हा कोणी नोंदवायचा यावर आमची सकाळ खर्ची पडायची. मृगाच्या तोंडावरचे उकाड्याचे दिवस होते. ठाण्यात हजेरी चालू असताना कॉलनीतून एक गोरे साहेब आले. साहेब लोकांच्या इन्स्टिट्यूटचे, म्हणजे त्यांच्या क्लबचे, ते सेक्रेटरी. उन्हाळ्यात मंडळी थंड हवेला गेली होती आणि परतल्यावर वाचनालयातले एक पुस्तक जागेवर नव्हते.

आमच्या जमादाराने हसू दाबायला तोंड फिरवले. मलाही चीड आली. यावलच्या रस्त्यावर वाटमारी झालेली, त्याचा तपास अंगावर, आणि हे साहेब पुस्तक घेऊन बसलेले. पण फिर्याद ती फिर्याद. मी वर्णन विचारले.

घरांचे पुस्तक होते. विलायतेतली जुनी-नवी घरे, त्यांचे नकाशे, बांधणी, आतली सजावट, आणि प्रत्येक घराची मोठी रंगीत चित्रे. हिरवी कापडी बांधणी, दोन्ही हातांनी उचलावे इतके जड. पहिलेच चित्र एका लहानशा घराचे. उभट उताराचे छप्पर, दारावर चढवलेला गुलाबाचा वेल, दक्षिणेला मोठाल्या खिडक्या, आणि बाजूला विटांचे उंच धुराडे. हे सांगताना साहेबांचे हात हवेत घर काढत होते. "आमच्यातले बरेच जण रविवारी हेच पुस्तक उघडून बसतात," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "लहानपणी मी अशाच घरात राहत होतो." त्यानंतर मला हसू आले नाही. मी मुकाट्याने फिर्याद लिहून घेतली.

संशय त्यांनी इन्स्टिट्यूटच्या चपराश्यावर घेतला होता. वाचनालयाची किल्ली त्याच्याकडे असे. धुळ्याकडच्या एका खेड्यातला म्हातारा, एकटा जीव. इमारतीच्या मागे एक खोली होती, तिच्यात तो तरुणपणापासून राहत आलेला. साहेबांनी त्याला बजावले होते की पुस्तक आले नाही तर नोकरी आणि खोली दोन्ही जातील. आम्ही पंच घेऊन खोलीची झडती घेतली. एक वळकटी, दोन भांडी, कोपऱ्यात चूल. पुस्तक नव्हते. त्याला ठाण्यात आणून समोर बसवले.

"बाबा, पुस्तक कुठं आहे?" मी विचारले.

"पुस्तक माले माहीत शे, साहेब," तो शांतपणे म्हणाला. "चोरी मी करी नही. पन कोठे शे ते मी सांगाव नही."

असा जबाब मी तोवर ऐकला नव्हता. चोर बोलतो, भारंभार बोलतो. देवाची शपथ घेतो, शेजाऱ्याचे नाव घेतो, आजारी आईला मध्ये आणतो. हा माणूस एवढे बोलून गप्प बसला. मी दरडावून पाहिले, गोडीने पाहिले. जमादाराने त्याला चहा पाजला, तो त्याने आभार मानून घेतला आणि पुन्हा गप्प. शेवटी मी म्हटले, "अरे, डोक्यावरचं छप्पर जाईल. या वयात कुठं जाशील?"

"जाई ते जाऊ द्या," तो म्हणाला आणि माझ्या टेबलाच्या पायाकडे पाहत बसला. मी त्याला त्या दिवशी घरी सोडले, पण गाव सोडायचे नाही अशी ताकीद दिली.

बातमी मिळाली ती न्हाव्याच्या दुकानात. जमादार दाढी करायला बसला होता, आणि शेजारी एक गवंडी आपल्या मालकाच्या नावाने बोटे मोडत होता. गावाबाहेर जळगावच्या अंगाला रुळांजवळ एक रिटायर ड्रायव्हर घर बांधत होता. "दिवाणखान्यात चूल अन् तिच्यावर धुराडं!" गवंडी म्हणत होता. "भुसावळच्या उन्हात शेकत कोन बसते, सांगा बरं! अन् मोठ्या खिडक्या साऱ्या दक्षिणेले. मी म्हटलं, नाना, भाजून निघाल. तं म्हने, चित्रात तसंच हाये." जमादार अर्धी दाढी तशीच ठेवून ठाण्यावर आला. हुशार माणूस होता, फक्त आळशी.

मी जमादाराला घेऊन तिकडे गेलो आणि रस्त्यावरच थबकलो. साहेबांनी हवेत काढलेले घर समोर उभे होते. भिंती झालेल्या, छपराची लाकडी कैची अजून चढायची होती, आणि बाजूला धुराडे छातीएवढे आलेले. दाराशी वेलही लावला होता. गुलाब कुठून आणणार? घोसाळ्याचा वेल होता तो.

ड्रायव्हर यावलकडचा, मालगाड्या चालवून म्हातारा झालेला. पोलीस पाहून तो बिचकला नाही. मी पुस्तकाचे विचारताच आत गेला आणि लुगड्यात गुंडाळलेले पुस्तक घेऊन आला.

"हेच का साहेब? मी देनारच होतो. धुराडं झालं की देनार होतो."

"तुमच्याकडं आलं कसं, नाना?"

तो विटांच्या ढिगावर बसला. मलाही त्याने जागा पुसून दिली. मग जे सांगितले ते थोडक्यात असे. त्याची बायको आणि इन्स्टिट्यूटचा चपराशी एकाच गावचे. रक्ताचे नाते नाही, पण गावची लेक म्हणजे बहीण. तिचे आईबाप लवकर गेले, माहेर असे उरले नाही. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. भाऊ मुराळी होऊन न्यायला येतो, गावोगाव झोके बांधले जातात. हिला कोणी मुराळी नव्हता. तेव्हा दर आखाजीला हा चपराशी तिच्या क्वार्टरच्या दाराशी येऊन उभा राही आणि तिला दुपारपुरते आपल्या खोलीवर नेई. स्वतः रांधून वाढी. साहेब लोक बाहेरगावी असत, इमारत रिकामी असे. एका वर्षी त्याने तिला पुस्तकातली चित्रे दाखवली. पुढे दर वर्षी ती जेवण झाले की म्हणायची, माझी घरं दाखव.

"मूलबाळ नाही आम्हाले," ड्रायव्हर म्हणाला. "जल्म क्वार्टरात गेला. रिटायर झाल्यावर ही जागा घेतली, तं तिचं एकच म्हननं, पुस्तकातल्यासारखं बांधा." त्याने पुस्तक उघडून आतले एक चित्र दाखवले. दिवाणखान्यात भिंतीत विस्तव पेटला होता आणि शेजारी खुर्चीवर एक मड्डम शिवण घेऊन बसली होती. "ती म्हने, पाहा, बाई चुलीजवळ बसली हाये अन् डोळ्याले पदर नाही. धूर सारा वरून निंघून जाते. मी इंजिनावर धूर खाल्ला साहेब, तिनं चुलीपुढं खाल्ला. मांगं सैपाकघर गवंड्यानं काढलंच हाये, पन तिले ही चूल पाहिजे होती."

विलायती शेकोटीला ती बाई चूल समजली होती. मला सांगावेसे वाटले की नाना, ती चूल नव्हे. पण मी नुसते पुस्तक हातात घेतले.

भिंती खिडक्यांपर्यंत आल्या आणि ती अंथरुणाला खिळली. त्या आखाजीला तिला नेता येईना, म्हणून चपराशी पुस्तकच घेऊन तिच्याकडे आला. तिने पहिले चित्र उघडायला लावले आणि चित्रातल्या घराच्या उंबरठ्यावर हळदकुंकवाचे बोट टेकवले. तो डाग मी पाहिला. पुढे काही दिवसांतच ती गेली, आणि पुस्तक तिथेच राहिले.

"तुमच्या मेव्हण्याची नोकरी जायची वेळ आली आहे," मी म्हणालो. "त्याची खोलीही."

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. बायको गेल्यापासून तो या विटांपलीकडे कुठे गेलाच नव्हता. तो उठला आणि पायात वहाणा न घालताच माझ्या पुढे ठाण्याकडे चालू लागला.

चपराश्याला बोलावून घेतले; ठाण्यात पुस्तक टेबलावर पाहताच तो प्रथमच चिडला, तेही माझ्यावर. "तुम्ही तिना घर का गयात, साहेब?" मग मान खाली घालून म्हणाला, "घर आरधं शे अजून. मी पुस्तक कसं मांगू?"

"मले एक शब्द बोलायचा नाही का रे, भाऊ?" ड्रायव्हर म्हणाला, आणि ती दोन म्हातारी माणसे माझ्या ठाण्यात, पहाऱ्यावरच्या शिपायासमोर, रडू लागली. शिपायाने भिंतीकडे तोंड केले. मी जबाब लिहायला घेतले, कारण लिहिताना वर पाहावे लागत नाही.

मुद्देमालाचा पंचनामा झाला. साहेबांना बोलावले. त्यांना डाग दिसला, त्यांनी काय आहे ते विचारले, मी सांगितले. ते त्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी पुस्तक मिटून घेतले. चोरीचा हेतू नव्हता, म्हणून गैरसमजातून झालेली फिर्याद अशी 'क' समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, मी पाठवली, आणि ती वरून मंजूर होऊन आली. पण क्लबला कोर्टाची गरज नव्हती. विनापरवाना पुस्तक बाहेर नेले म्हणून चपराश्याला कामावरून काढले आणि खोली रिकामी करायला सांगितले. साहेब मनाने वाईट नव्हते, तरी हे त्यांनी केले. मला त्यांचा राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

खोली सोडायच्या दिवशी मी मुद्दाम तिकडून फेरी काढली. ड्रायव्हर बैलगाडी घेऊन आला होता. वळकटी आणि दोन भांडी गाडीत, आणि म्हातारा मात्र जमिनीवर बसलेला. लेकीला मूल होईपर्यंत माहेरची माणसे तिच्या घरचे अन्न घेत नाहीत, आणि हिला तर मूल झालेच नव्हते.

"बहीणना घरनं अन्न मी खावाव नही, दाजी," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

ड्रायव्हर वैतागला. "नको खाऊस! दिवाणखान्यात चूल हाये, धुराडं हाये. आपलं आपलं रांध अन् खा!"

म्हातारा बराच वेळ विचार करत बसला आणि मग गाडीत चढला.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. तपासाच्या दृष्टीने सांगायचे तर न्हाव्याच्या दुकानाला कमी लेखू नये. पण खरे सांगायचे तर त्यानंतर कोणाच्याही घराची झडती घ्यायला गेलो की आत पाऊल टाकण्याआधी मी बाहेर क्षणभर थांबू लागलो. माझी सबंध नोकरी सरकारी क्वार्टरांत गेली. प्रत्येक बदलीला बायकोने मागे वळून न पाहता दार ओढून घेतले, आणि मला वाटायचे की हिला कशाचेच काही नाही. भुसावळच्या त्या घराची हकिकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मलाही एक खिडकी हवी होती, तुळशीकडं उघडणारी." इतक्या वर्षांत मी कधी विचारलेच नव्हते. आता धुळ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. तिथून तुळस दिसत नाही. ती खिडकी मी तिला देऊ शकलो नाही, आणि त्या खिडकीसाठी माझा जीव अजूनही तुटतो.

पुढच्या आखाजीला माझ्या बदलीचा हुकूम हातात होता. निरोप घ्यायला म्हणून ड्रायव्हरच्या घरी गेलो. लांबूनच धुराडे दिसले, आणि त्यातून धूर निघत होता. दिवाणखान्यात म्हातारा चपराशी पुरणाचा स्वयंपाक करून बसला होता. विस्तव धगधगत होता, पण खोलीत धूर नव्हता. ड्रायव्हरच्या बायकोने बरोबर ओळखले होते.

मला बसवून म्हातारा उठला, अंगात धुतलेला सदरा घातला आणि आतल्या स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. उंबरठ्याच्या आत त्याने पाय टाकला नाही. आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर पुजतात; आत ड्रायव्हरने तिच्या नावाची घागर पुजून ठेवली होती.

"चाल, बहीण," न्यायला आलेल्या मुराळ्यासारखा म्हातारा म्हणाला. "आखाजी उनी. मी तुले लेवाले उनू."

ड्रायव्हरने घागर उचलून त्याच्या हातात दिली. म्हाताऱ्याने ती छातीशी धरून दिवाणखान्यात आणली, आपल्या चुलीशेजारी ठेवली आणि पुरणपोळीचा पहिला घास तिच्या नावाने निखाऱ्यांवर टाकला. ड्रायव्हर स्वयंपाकघराच्या दारातच उभा होता.

"मंग परत कधी धाडतो, भाऊ?" त्याने विचारले.

म्हाताऱ्याने घागरीवरचे फडके सारखे केले. "ऱ्हाऊ द्या, दाजी," तो म्हणाला. "दोन दिन ऱ्हाऊ द्या तिले माहेरमा."