बाजेवाल्याची मुलगी

ते हसले. आधी पुढच्या खुर्च्यांवरचे दोघं-तिघं, मग सगळी रांग. माझी आठ वर्षांची मीनल उभी होती, हात अजून वर. तिला वाटलं, आपण काहीतरी गमतीचं बोललो. म्हणून तीही हसली.

ती एवढंच म्हणाली होती, "हमारे नाना को क्लारनेट आता है. वो सबको सिखा देंगे."

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतली सरकारी प्राथमिक शाळा. रविवारची सकाळ. शाळा सुधारायची आहे, ज्याला जे सुचेल ते सांगायला या, असं वस्तीत सगळ्यांना कळवलं होतं. बोलावणारे सर. कॉलेजातून निवृत्त झालेले, आमच्यासारखेच मराठी. म्हणजे भाषेपुरते. त्यांचे पूर्वज दख्खनेतून दरबारात कामाला आले. आमचे फौजेच्या पुढे वाजवत आले. आम्ही मांग. ग्वाल्हेरला येऊन दोघांच्याही कितीतरी पिढ्या झाल्या. मधलं अंतर होतं तेवढंच राहिलं.

खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी एकाचंही मूल त्या शाळेत शिकत नव्हतं. आमची शिकत होती. आम्ही सतरंजीवर. तिथे बसा असं कोणी सांगितलं नव्हतं. आमचे पायच तिकडे वळले.

एकेक जण सुचवत होता. भिंती रंगवा. बाग करा. कॅमेरे लावा. मी म्हणाले, मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, ती लावा. "हो हो, बघू," सर म्हणाले. मग कोणीतरी म्हणालं, संगीताचा तास हवा, शेवटी ग्वाल्हेर आहे हे. सगळ्या खुर्च्यांनी माना डोलावल्या. तेव्हा मीनलने हात वर केला होता.

हसणं थांबल्यावर सर तिला म्हणाले, अगदी गोड आवाजात, "बाळ, संगीत वेगळं आणि बाजा वेगळा." मग खुर्च्यांकडे वळून, "नाहीतर उद्या आपली शाळा वरातींना पोरं पुरवायची."

पुन्हा हशा.

माझे वडील माझ्या शेजारीच बसले होते. दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. नातीने हट्टाने आणलं होतं त्यांना. सरांनी त्यांना ओळखलं. सरांच्या घरच्या लग्नात बाबांनी वाजवलं होतं. बाबा वयाने त्यांच्यापेक्षा मोठे. तरी सर म्हणाले, "गणपत, तू मनाला लावून घेऊ नकोस. संगीताच्या खोलीचं उद्घाटन करू, तेव्हा गेटवर तूच वाजव. लाल कोट घालून ये. फोटो चांगले येतात."

बाबा गुडघ्यांवर उठले. हात जोडले. म्हणाले, "हो सरकार."

सरकार. राजे गेले, फौजा गेल्या. तो शब्द बाबांच्या जिभेवर तसाच.

घरी येताना मी भराभर पुढे चालत होते. तेच बोलत होते. खुशीत होते. "गेटवर तर गेटवर. शाळेचं काम आहे."

बाबांसाठी शाळा म्हणजे काय होती, ते सांगायला हवं. याच शाळेत ते तिसरीपर्यंत शिकले. मग त्यांच्या बापाने त्यांना वरातीत घातलं. डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालायचं. मानेवर त्या ओझ्याचा घट्टा पडला, तो आजही हाताला लागतो. पुढे क्लारनेट शिकले. फार मोठे कलाकार नव्हते बाबा. सिनेमाची गाणी वाजवायचे, वरातीत चालतील इतपत. पण मीनल त्यांना घरात 'मास्टरजी' म्हणायला लागली होती. शाळेतल्या त्या बैठकीच्या आधी आठवडाभर. ती हाक आली की बाबा सदऱ्याचं वरचं बटण लावायचे.

उद्घाटनाच्या दिवशी ऊन फार होतं. बाबांकडे स्वतःचा कोट उरला नव्हता. पडाव मोहल्ल्यातल्या एका बँडवाल्याकडून मागून आणला. लाल, सोनेरी पट्ट्यांचा. खांद्यावरून खाली उतरत होता. मी जिथे शाळेची दप्तरं शिवते त्या दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. मला जायचं नव्हतं. मीनल स्वागतगीतात होती म्हणून गेले, आणि बाबांजवळच थांबले.

पाहुण्यांना उशीर झाला. बाबा वाजवत होते. थांबले की आतून कोणीतरी ओरडायचं, "बजाते रहो चाचा, गाड़ी आती ही होगी!" छातीत दम नव्हता त्यांच्या. एक सूर लागायचा, दुसरा फुटायचा. घाम मिशांवरून ओघळत होता. मी म्हणाले, "बाबा, पुरे." ते म्हणाले, "आता आलेच असतील."

गाडी आली. फुलं उधळली. सगळे आत गेले. एका तरुण मुलाने गेट ओढून घेतलं आणि गजांमधून नाश्त्याचा पुडा बाबांच्या हातात दिला. "बस, हो गया. अब आवाज़ मत करना, अंदर कार्यक्रम है."

बाबा पुडा हातात धरून उभे राहिले. आतून पेटीचा आवाज आला. सरांच्या ओळखीतल्या कोणी बाई गात होत्या. संगीत.

मीनल रांग सोडून पळत गेटपाशी आली. कपाळावर टिकली, डोक्यात कागदाचं फूल. "नाना, अंदर आओ ना! सब बैठ गए."

बाबा हसले. म्हणाले, "नहीं बेटा. अपना काम यहीं तक का है."

मीनलने त्यांच्याकडे पाहिलं. मग गेटकडे. मग माझ्याकडे. आणि मला दिसलं की तिला कळतंय. कोण आत, कोण बाहेर, आणि आपण कोणाचे. शाळेच्या अंगणात उभी राहून माझी मुलगी ते शिकत होती. मी शिकले होते तसंच. बाबा शिकले होते तसंच.



मी गेट ढकललं. बाबांचा हात धरला. "चला आत." त्यांनी हात मागे ओढला. मी पुन्हा धरला. त्यांनी झटकला, जोरात. "राहू दे पोरी. तमाशा नको करू."

मग मी त्यांच्या हातातला पुडा घेतला आणि एकटीच आत गेले. पाहुण्यांच्या पुढच्या टेबलावर ठेवला. गाणं थांबलं.

मी म्हणाले, "मेरे पिताजी बाहर धूप में खड़े हैं. उन्हें अंदर बुलाइए."

सर म्हणाले, "कार्यक्रम चल रहा है. बाद में बात करेंगे."

"बाद में नहीं. अभी."

सर जवळ आले. पाहुणे हिंदीवाले, मुख्याध्यापिका मॅडम हिंदीवाल्या, सतरंजीवरच्या आयाही बहुतेक हिंदीवाल्या. त्यांना कळू नये म्हणून सर हळू आवाजात मराठीत बोलले. माझ्या आईच्या भाषेत. म्हणाले, "तुम्हा लोकांना जरा जवळ केलं की हे असं होतं."

मी वळले. सतरंजीकडे तोंड केलं आणि मोठ्याने सांगितलं. शब्दाला शब्द. "सर कह रहे हैं, तुम लोगों को ज़रा पास आने दो तो यही होता है."

मॅडम जमिनीकडे बघत राहिल्या. पाहुणे मोबाईलकडे. सतरंजीवरच्या एका बाईने आपलं पोर जवळ ओढून घेतलं. कोणी उठलं नाही. मला वाटलं होतं, एखादी तरी उठेल.

मीनलचा हात धरून मी बाहेर आले. बाबा तिथे नव्हते. एकटेच घरी निघून गेले होते. तो मोठा कोट घालून, भर बाजारातून, पायी.

घरी ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी पाणी दिलं. घेतलं नाही. तसेच पडून म्हणाले, "आयुष्यभर मी लोकांचं ऐकून घेतलं. पण आज मला तू लाजवलंस."

सरांनी नाही. मी.

हे मला अजून गिळता येत नाही. ज्यांनी बाहेर ठेवलं त्यांच्याबद्दल एक शब्द नाही, आणि हात धरून आत नेऊ पाहणारी मुलगी वैरीण. इतकं खोल रुतलंय ते. बाबांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. मी फक्त रडले. त्यानंतर बाबांनी क्लारनेट हातात घेतलं नाही. मीनल त्यांना आता मास्टरजी म्हणत नाही. नुसतं नाना.

मॅडमनी मला बोलावून समजावलं. "बिटिया को कंपू मोहल्ले के स्कूल में डाल दो. यहाँ अब सबकी नज़र में आ गई है." मी नाही म्हणाले. माझी मुलगी याच शाळेत शिकेल. ज्यांना बघायचंय त्यांनी बघावं.

संगीताच्या खोलीला उद्घाटनापासून कुलूप आहे. शिकवायला कोणी येत नाही. पेटी, तबला आत झाकून ठेवलेत, मुलांनी खराब करू नयेत म्हणून. किल्ली सरांच्या घरी. संडासाला कडी अजून नाही.

शाळेच्या समितीत पालक असतात. कायद्याने असतात, कोणाच्या मेहेरबानीने नाही. या वेळी मी उभी राहतेय. सतरंजीवरच्या आयांच्या घरोघर फिरतेय. त्या दिवशी पोर जवळ ओढणारी बाई दार उघडत नाही. मी पुन्हा पुन्हा जाते.

निवडून आले तर पहिल्याच बैठकीत किल्ली मागेन. नाही आले तरी मागेन. बाबा शिकवायला येतील की नाही, मला माहीत नाही. बहुतेक नाही येणार. खोली तरीही उघडायची आहे. किल्ली दिली नाही तर कुलूप तोडीन. दिवसाढवळ्या. मुलांच्या समोर. माझं आणि माझ्या बापाचं नाव सांगून.