चारशे भागिले तीन

हॉस्पिटलात तिला सगळे चाकमावशी म्हणत. नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच सांगता येणार नाही. नोकरीला लागली तेव्हा ती नुसतीच मावशी होती, स्ट्रेचर ढकलणारी. चाक नावाला नंतर जोडलं गेलं.

आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. वडील होते, पण असून नसल्यासारखे. भावाची शाळा सुटू नये म्हणून तिने मिळेल ती नोकरी धरली. तिसऱ्या मजल्यावरून पेशंटला ऑपरेशनला न्यायचं आणि परत आणायचं. लिफ्टच्या तोंडाशी एक लोखंडी पट्टी होती. स्ट्रेचरचं पुढचं चाक तिथे हमखास अडायचं, गचका बसायचा आणि टाके घातलेला माणूस कळवळायचा. सगळे म्हणायचे, चाकं जुनी झालीत. तिने एका दुपारी स्ट्रेचर आडवं करून पाहिलं, तर चाक धडधाकट होतं. आसाभोवती केस आणि बँडेजचे धागे गुंडाळून त्याची दोरीच झाली होती. तिने घरून क्रोशाची सुई आणली आणि ती कायमची खिशात राहिली.

चार-सहा महिन्यांनी दुरुस्ती विभागाचे साहेब वर आले. मोजकं बोलणारा, वाळका माणूस. म्हणाले, "या मजल्याची स्ट्रेचरं आवाज करत नाहीत. तेल कोण घालतं?"

"तेल नाही घातलं साहेब. केस काढले."

साहेबांनी तिला तळघरातल्या वर्कशॉपमध्ये नेलं, आणि पुढची अडतीस वर्षं ती तिथेच होती. खाटा, ट्रॉल्या, चाकाच्या खुर्च्या, जे जे हॉस्पिटलात गडगडत जायचं ते ते एकदा तरी तिच्या हाताखालून गेलं. तिचं लग्न राहून गेलं. त्याबद्दल ती फार बोलत नसे. कोणी विचारलंच तर "वेळ नाही मिळाला" म्हणायची, जणू एखादं पत्र टाकायचं राहिलं होतं.

भाऊ शिकला आणि गणिताचा शिक्षक झाला. तो तिच्या पगारावर शिकला हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याला सगळ्यांपेक्षा जास्त. नोकरी, लग्न, घर, प्रत्येक वेळी ताई पाठीशी उभी. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि दिवसाआड चक्कर टाकायची. आली की घरातलं काहीतरी नीट करून जायची. एकदा तो नळाचा वॉशर बदलत होता. तिने त्याच्या हातातून पाना घेतला आणि चुटकीसरशी काम उरकलं. तो रागावला नाही. हात पुसत एवढंच म्हणाला, "ताई, कधीतरी एखादी गोष्ट मला चुकू तरी दे."

ते तिने मनात ठेवलं.

निवृत्त झाल्यावर सरांनी, म्हणजे भावाला सगळी आळी सरच म्हणायची, एक जुनी मोटार आणली. मोटार म्हणजे नुसतं धूड. लहानपणी तो ताईचा डबा घेऊन हॉस्पिटलात जायचा, तेव्हा फाटकाशी मोठ्या डॉक्टरांची एक गोल पाठीची गाडी उभी असायची. ही ती नव्हे, पण तशीच. कोणाच्या तरी परसात पंधरा वर्षं ताडपत्रीखाली पडलेली. सरांनी पुस्तकं वाचून वाचून तिचं इंजिन उतरवलं, दारं काढली, शेवटी चारी चाकंही काढली. मग सांगाडा गॅरेजमध्ये लाकडी ठोकळ्यांवर बसला आणि जागचा हलेना. एका बाजूला भिंत, तिथे हात शिरत नाही. पोटाखालचा गंज धुवायला तो अंगणात काढायला हवा. तो काढायचा कसा? तर पुस्तकात लिहिलं होतं, डॉली बनवा. म्हणजे चाकांवरची चौकट. सांगाडा तिच्यावर ठेवायचा आणि पाहिजे तिकडे ढकलायचा.

"आठ दिवस झाले वन्स, ह्यांच्या तोंडी डॉली, डॉली," भावजय म्हणाली. "शेजारीण विचारत होती, कोण हो ही?"

सरांनी डॉली बनवली. जुन्या पलंगाच्या लाकडाची चौकट केली, कोपऱ्यांना पट्ट्या ठोकल्या, खाली चार पांढरी चाकं लावली. ताई आली तेव्हा ते अभिमानाने बाजूला उभे राहिले.

"सांगाडा चारशे किलो. चाकं चार. प्रत्येकी शंभर. आणि हे बघ, चाकावर लिहिलंय, शंभर किलो."

ताईने चाकं पाहिली. बशीपेक्षा लहान, कडक प्लॅस्टिकची. मग तिने गॅरेजची जमीन पाहिली. एक कोपरा दबलेला आणि मधोमध पाणी जायला बोटभर रुंद पन्हळ. जिभेच्या टोकावर आलेलं तिने चहाबरोबर गिळलं.

"हं," ती म्हणाली.

रविवारी दोन शेजारी मदतीला आले. जॅक उतरवले, सांगाडा डॉलीवर बसला, सगळ्यांनी जोर लावला. हातभर अंतर गेलं असेल. पुढचं एक चाक पन्हळीत उतरलं, त्याचा दांडा वाकला, चौकट तिरपी झाली आणि सांगाडा घसरत ठोकळ्यावर आदळला. सर त्याला धरायला गेले. चारशे किलो धरायला गेलेला गणिताचा शिक्षक! डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

गॅरेजला कुलूप लागलं. सर दिवसभर खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचायचे, तेच तेच पान. ताई येऊन बसायची, पण गॅरेजचा विषय दोघंही काढत नसत. घरी गेल्यावर ती स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहायची. तिला दिसलं होतं. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य तिने गिळलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात भावजय एकटीच तिच्याकडे आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने विचारलं, "वन्स, तुम्हाला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"मग?"

"तो म्हणाला होता, मला चुकू दे."

"अहो, माणूस बोलतो तसं. हात मोडून घेऊ दे असं नव्हतं म्हटलं त्यांनी." भावजय खुर्चीत टेकली आणि जरा वेळाने म्हणाली, "आता तुम्ही या आणि सगळं नीट करून टाका, नाहीतर हे त्या खिडकीतच राहतील."

"मी केलं तर तो कायमचाच खिडकीत राहील. त्याने विचारलं तर येईन."

विचारायला तो आणखी पंधरा दिवसांनी आला. हात गळ्यात अडकवलेला, काखेत वही. बसलाही नाही. "ताई, चाकांवरचं वजन कसं काढायचं? माझा भागाकार बरोबर होता. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलाय."

ताईने कोपऱ्यातलं चार पायांचं स्टूल ओढून फरशीवर ठेवलं. तिच्या स्वयंपाकघरातली फरशी उंचसखल होती. "बस यावर."

तो बसला. स्टूल डुगडुगलं.

"किती पाय टेकलेत?"

त्याने वाकून पाहिलं. "तीन."

"जमीन सरळ नसली की तीनच टेकतात. चौथं चाक फुकटचं हवेत. मग भागायचं कितीने?"

त्याने काखेतली वही उघडली. पस्तीस वर्षं मुलांना भागाकार शिकवलेला माणूस. मग हळूच म्हणाला, "चारशे भागिले तीन. एकशे तेहेतीस पूर्णांक..."

"तुझे पूर्णांक ठेव वहीत. दीडशेच्या वरचं चाक घ्यायचं. आणि मोठं, वितीएवढं, म्हणजे पन्हळीत उतरणार नाही."

त्याने लिहून घेतलं. पेन खिशात ठेवताना विचारलं, "तुला त्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तूच सांगितलं होतंस. नळाच्या वेळी."

त्याला ते आठवायला थोडा वेळ लागला. त्याने प्लॅस्टरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि त्याला हसू आलं. "असं करू. हाड मोडणार असेल तर बोल. नुसतं लाकूड मोडणार असेल तर गप्प बस."

"बरं," ताई म्हणाली, आणि तोंड फिरवून चहाचं आधण ठेवलं.

चाकं आणायला ती भंगारवाल्याकडे गेली. तिथे हॉस्पिटलांच्या मोडीत काढलेल्या खाटांचा ढीग असे. ती खाली बसून एकेक चाक फिरवी आणि कान लावी. भंगारवाला म्हणाला, "मावशी, रेडिओ नाहीये तो." ती म्हणाली, "तुला ऐकू येत नाही म्हणून तू भंगारात आहेस." वीसेक चाकांतून तिने सहा निवडली. त्यातली दोन जास्तीची, कारण लोखंडाचा भरवसा फुटल्यावरच कळतो.

चौकट आता लोखंडी नळ्यांची करायची ठरली. फाटकं बनवणारा वेल्डर आला. मापं सरांनी दिली, एका हाताने तीन-तीनदा टेप लावून. सांगाड्याला आधार कुठे द्यायचा तेही त्यांनीच पुस्तकातून काढलं होतं. मधे कुठेही नाही, जिथे मूळ चाकांचे सांधे होते तिथेच, कारण गाडीचा भार सोसायची सवय त्याच जागांना. ताईने मान डोलावली. हे तिला माहीत नव्हतं.

वाद झाला तो शेवटी. ताईचं म्हणणं, चारी चाकं फिरती हवीत, हॉस्पिटलच्या खाटेसारखी, म्हणजे आडवीही सरकते. सर म्हणाले, "नको. मागची दोन सरळच जाणारी हवीत. गॅरेजच्या दारापासून फाटकापर्यंत अंगणाला उतार आहे. चारी फिरती असली तर ती वाटेल तिकडे धावेल."

"अडतीस वर्षं मी..." ताईने सुरुवात केली आणि ती थांबली. वेल्डर काच कपाळावर सरकवून दोघांकडे बघत होता.

"माझ्या हातून एकदा स्ट्रेचर सुटलं होतं," ती म्हणाली. "उतरंडीवर. वर एक म्हातारे गृहस्थ होते. ब्रेक पायाने दाबला, असं मला वाटलं. तो लागलाच नव्हता. खालच्या भिंतीपर्यंत गेले ते, एकटेच, छताकडे बघत. लागलं नाही काही. मला म्हणाले, पोरी, रडू नकोस, मला मजा वाटली."

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"तू तेव्हा चौथीत होतास. काय सांगणार?" तिने वेल्डरकडे वळून सांगितलं, "मागची दोन सरळ लाव. सर म्हणतात ते बरोबर आहे. आणि पुढच्या दोन्हींना ब्रेक. ब्रेक मी स्वतः तपासणार."

प्लॅस्टर निघाल्यावर दहा दिवसांनी सांगाडा पुन्हा उचलला. या वेळी जॅक एकेक बोट उतरवत होते. चारी चाकं टेकल्यासारखी दिसली, तेव्हा ताई उकिडवी बसली आणि तिने प्रत्येक चाकाखाली वहीचा कागद सरकवून पाहिला. तीन ठिकाणी कागद अडला, चौथ्या ठिकाणी सहज आत गेला. सरांनी तो स्वतः दोनदा सरकवून पाहिला. मग पन्हळीवर पत्रा टाकला, ब्रेक काढले, आणि सरांनी उजव्या हाताने ढकललं. शेजारी जोर लावायला बाह्या सरसावून उभे होते, त्यांना काही करावंच लागलं नाही. धूड निमूटपणे उजेडात आलं. उतारावर ताईने ब्रेक दाबला, पायाने हलवून खात्री केली, वर दोन पाचरी ठोकल्या.

उजेडात कळलं की गाडीच्या तळाला ताटाएवढी दोन भोकं आहेत.

"एवढ्यासाठी बाहेर काढली?" भावजय म्हणाली.

"भोकं आतही होतीच," सर म्हणाले. "फक्त दिसत नव्हती."

गाडीला पुढे तीन वर्षं लागली. तळ नवा बसवला, रंग दोनदा बिघडला, एका काचेसाठी सरांनी गावोगाव पत्रं लिहिली. ताई दिवसाआड यायचीच, पण आता गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसायची. सर चुकायचे, पुष्कळदा. एकदा दार उलट्या बाजूचं बसवायला निघाले होते, अर्धा तास झटत होते. तिने तोंडातून ब्र काढला नाही. लाकूडच होतं ते, त्यांच्या कराराप्रमाणे. भावजय मात्र स्वयंपाकघरातून बघून पदर तोंडाला लावत होती.

गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली त्या दिवशी ताई तिथे नव्हती. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती पट्टी बांधून हॉस्पिटलात पडून होती. तिला थिएटरकडे नेणारं स्ट्रेचर लिफ्टपाशी अडखळलं, तेव्हा तिने ढकलणाऱ्या मुलीला नाव विचारलं आणि क्रोशाच्या सुईबद्दल सांगायला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. सर संध्याकाळी आले, हाताला ग्रीसचा वास. त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. जॅक कसे उतरवले, कोणती बाजू आधी, शेजारी कुठे उभे होते. ती डोळे बांधलेली ऐकत राहिली.

"चालली का?" तिने विचारलं.

"नाही. पेट्रोल येत नाहीये. बघतो उद्या."

गाडी आठ दिवसांनी चालू झाली. डॉली त्यानंतर गावातल्या एका हौशी माणसाने उसनी मागून नेली. त्याच्या हातून चौकटीची एक नळी वाकली. सरांनी ती वेल्डरकडून सरळ करून घेतली, चाकं स्वतः उघडून साफ केली. हे ताईला भावजयीकडून कळलं, तेही महिन्याने, दुसरंच काही बोलता बोलता. ताईला क्षणभर वाटलं, मला सांगितलं नाही. मग तिने भावजयीला विचारलं की अंगणातलं शेवग्याचं झाड फारच वाढलंय, ते कापायला कोणाला बोलावणार आहात, आणि दोघी त्यावर बोलत बसल्या.