ओल्या वाळूची परात

रघुनाथराव माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी चाल. टी. नगरात साड्यांच्या दुकानांमागच्या बोळात त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. मी पहिल्यांदा सायकल ढकलत तिथे गेले तेव्हा त्यांनी मला दहा पावलं चालताना पाहिलं आणि तमिळमध्ये विचारलं, “किती सिटा बदलल्यास?”

“चार,” मी म्हणाले, आणि पुढचं मराठीतच निघालं, “पाचवी पण असलीच निघाली ना, तर सायकल भंगारात घालीन.”

म्हातारा हातातली चामड्याची पट्टी ठेवून उभा राहिला. “मराठी कीं तूं?”

राव तंजावरकडचे. त्यांचे पूर्वज कधीकाळी तिकडे गेले आणि मराठी तेव्हाची तशीच राहिली, वर तमिळचा हेल चढला. बायको होती तोवर घरात बोलायला कोणी होतं. आता मुलगा-सून तमिळ बोलतात आणि नातवंडं इंग्रजी. म्हणून मी सापडल्यावर त्यांनी माझ्याशी तमिळचा एक शब्दही बोलायचा नाही असं ठरवलं. मी कराडची. माझं बोलणं ऐकून हसायचे. “तुझी मराठी पेपरांतली ग. कानाला शाई लागत्ये.” पेपरातली नव्हे, पत्रकातली. कामगारांच्या संघटनेसाठी मी पत्रकं लिहिते, आणि घरी भांडतानाही माझ्या वाक्यांना घोषणेची चाल लागते.

त्या दिवशी त्यांनी स्टुलावर पितळी परात ठेवली. तिच्यात ओली वाळू, दाबून सपाट केलेली, वर पातळ प्लास्टिक. “बस,” म्हणाले आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. “उठलीस कीं सांग.” मी उठले तेव्हा वाळूत दोन खळगे पडले होते. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत त्यांनी दोरा धरला, गाठ मारली आणि दोरा माझं नाव लिहून खिळ्याला टांगला. चार दुकानदारांनी मला सिटा विकल्या होत्या. आणखी मऊ घ्या, जेल घ्या, वर कव्हर घ्या. बाईची हाडं किती रुंद असतात हे मोजायची गरज त्यांच्यापैकी एकालाही वाटली नव्हती.

रावांनी एकतीस वर्षं बसच्या ड्रायव्हरांच्या सिटा शिवल्या होत्या. “मऊ तें बसायला, टणक तें जायला,” हे त्यांचं वाक्य. गादीत हाड बुडतं, मधला भाग वर येतो आणि नको तिथे चावतो, हे ते अंगठा उशीत खुपसून दाखवत. सीट बसवली की तीन दिवस चालवून परत यायचं. “कोठें दुखतं तें सांग. देवळांत सांगतात तसं नको, डाक्टराला सांगतात तसं.” जे मी आईला कधी सांगितलं नव्हतं ते या म्हाताऱ्याला सांगितलं. त्यांनी सीट एक बोट मागे घेतली, नंतर टोक किंचित खाली केलं. चौथ्या खेपेनंतर मी महाबलीपुरमला जाऊन आले आणि रात्री खुर्चीत माणसासारखी बसून जेवले.

दिवसाला दोनच सिटा करायचे. तिसरं गिऱ्हाईक कितीही अडलं तरी “पोदुम”, म्हणजे पुरे.

मी ओरगडमला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनला आहे. पक्की नोकरी, कंपनीची एसी बस. त्याच गेटातून सेल्वी यायची, ठेक्यावर, वायरींचे जुडगे बांधायला. तिच्या गावातून अशा चाळीस बायका येत. ठेकेदाराने त्यांची बस बंद केली. कारण दिलं नाही. कारण द्यावं लागत नाही म्हणून तर ठेका असतो. गाव चौदा किलोमीटरवर. बायकांनी अकरावीत सरकारने दिलेल्या सायकली बाहेर काढल्या. सोळाव्या वर्षाची सीट, तिशीतली बाई, रोज अठ्ठावीस किलोमीटर आणि मध्ये आठ तास उभं राहून काम. ठेकेदाराचा नियम असा की सलग तीन खाडे झाले की नाव कमी. सायकलवर बसता आलं नाही तर नोकरी गेली, इतका सरळ हिशेब.

आम्ही संघटनेतर्फे कामगार खात्याकडे बससाठी अर्ज केला, सुनावणीची तारीख लागली. तोवर बायकांना निदान बसता यावं म्हणून मी सेल्वीला रावांकडे नेलं. वाळूवरून उठताना ती हसत सुटली. “या ताताला माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त कळतं,” म्हणाली. ताता म्हणजे आजोबा. भिंतीकडे तोंड करून उभे असलेले राव मान न वळवता म्हणाले, “नवऱ्याला पण घेऊन ये, त्याला पण वाळूंत बसवूं.” तिच्या नावाचा दोरा खिळ्याला लागला. राव म्हणाले, “चाळीस बायका. दिवसाला दोन. वीस दिवस.”

सुनावणी आठ दिवसांवर होती. आणि अण्णा नगरातला एक सिटांचा व्यापारी आमच्याकडे चालत आला. चाळीस जेल सिटा, लाल, फुकट. बदल्यात फोटोत मागे त्याचा फलक दिसावा. माझ्या डोळ्यांसमोर फोटोच उभा राहिला. कारखान्याच्या गेटासमोर चाळीस सायकली, चाळीस लाल सिटा. ठेकेदाराला लाज वाटेल असा फोटो.

रावांना सांगितलं तेव्हा ते चामडं भिजवत होते.

“सायकलीवर फोटो बसणार कीं बायका?”

“राव, आठच दिवसांचा प्रश्न आहे. नंतर तुम्ही करा ना सावकाश.”

“आठ दिवसांत मांस सोलतं ग. ऊन बघ. जेल तापतं.”

“बायकांना आवडल्यात त्या. मऊ आहेत.”

“आवडणारच. दुकानांत सगळ्या आवडतात.” मग हात पुसून म्हणाले, “माझ्याकडे पाठवूं नकोस हवं तर. पण त्या देऊं नकोस.”

मी दिल्या. फोटो झकास आला. सेल्वी मधोमध उभी, तिनेच घोषणा दिली.

पाचव्या दिवशी तिला बसता येईना. सहाव्या दिवशी गळू, ताप. खाडे तीन झाले. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती भावाच्या मोटरसायकलवर एका अंगावर कलंडून बसून गेटाशी आली. नाव कमी झालं होतं. कुठे दुखतंय हे त्या पुरुष सुपरवायझरला तिने सांगितलं नाही. पोट बिघडलं म्हणाली.

सुनावणीला ठेकेदार आमचाच फोटो घेऊन आला. मोठा करून. “बायका आनंदाने सायकलवर येतात, नव्या सिटाही मिळाल्यात, बस कशाला?” अधिकाऱ्याने पुढची तारीख दिली. बाजू मांडायला मी लिहून आणलेले कागद माझ्या हातातच राहिले.

दुसऱ्या दिवशी एकाहत्तर वर्षांचे राव परात गोणपाटात गुंडाळून दोन बस बदलून सेल्वीच्या गावी गेले. रेशन दुकानाच्या ओसरीवर साडी आडवी बांधली आणि वाळू भिजवली. दिवसाला दोन. लाल सिटांचं जेल खरवडून काढायचे, खालचा सांगाडा ठोकून रुंद करायचे, वर चामडं ताणायचे. मी सुट्टी टाकून जात होते. “दोरा धर,” “पाणी आण,” एवढंच बोलायचे. एकदा मी म्हणाले, “राव, चुकलं माझं.” ते म्हणाले, “मला कोठें दुखतंय?”

सेल्वीचीही सीट केली. तिच्यापाशी आता सायकलने जाण्यासारखं ठिकाण नव्हतं. तिने ती हातात उलटसुलट करून पाहिली आणि सांगितलं, “ताता, छान झालीय.” राव तोंड फिरवून हत्यारं आवरायला लागले.

शेवटच्या दिवशी बसथांब्यावर ते आपणहून बोलले. “पत्रक कर. लिही, सीट आम्हीं दिली, फोटो आम्हीं काढला, नोकरी सेल्वीची गेली. तिला आधीं घ्या, मग बसची गोष्ट. खालीं तुझं नांव घाल.”

“ठेकेदार तेच पत्रक आमच्यावर उलटवेल.”

“फोटो उलटवलाच कीं त्यानें. आतां खरं उलटवूं दे.”

मी संघटनेत विषय काढला. सगळे म्हणाले, सुनावणी होऊ दे, आत्ता कबुली दिली तर बस जाईल. यात एक शब्दही वेडेपणाचा नव्हता, आणि मी मान हलवली. एका संध्याकाळीत पत्रक लिहून छापखान्यात टाकणारी मी, त्या चार ओळी मी लिहिल्या नाहीत. पुढच्या तारखेला ठेकेदाराने बस मान्य केली. सेल्वीचा विषय त्याच्या वकिलाने स्वतंत्र म्हणून बाजूला काढला. आम्ही तो बाजूला काढू दिला. तडजोड असं त्याला म्हणतात. मग मात्र मी पत्रक लिहिलं, तमिळमध्ये, मोठ्या टायपात. “चाळीस बायकांचा विजय.” एकोणचाळीस लिहिलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, चाळिसावी कुठे आहे?

ते पत्रक घेऊन मी रावांकडे गेले. का गेले, आजही सांगता येत नाही. शाबासकीच हवी असणार. राव चष्मा लावून उभ्यानेच वाचू लागले. सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. मग आकड्यावर बोट ठेवलं.

“चाळीस?”

“राव, तिच्यासाठी वेगळा अर्ज करतोय आम्ही.”

“केला?”

“करणार आहोत.”

त्यांनी पत्रकाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. चष्मा काढून खिशात ठेवला. माझ्याकडे पाहिलं, रस्त्यावरच्या कोणाकडेही पाहावं तसं, आणि विचारलं, “वेरे एन्न वेणुम, मॅडम?”

आणखी काय हवंय, मॅडम.

मी मराठीत काहीतरी बोलले. सेल्वीचं, अर्जाचं, त्यांच्या तब्येतीचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं, तितक्याच अदबीने, तमिळमध्ये.

दुकानात तेव्हा आम्ही दोघंच होतो.