कोपऱ्यातला राजा

काकाजींइतक्या आनंदानं हरणारा माणूस उभ्या रायपुरात दुसरा नव्हता. काकाजी म्हणजे माझे चुलत सासरे. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं त्या वर्षी ह्यांनी पंडरीच्या बाजारातून जुना कॉम्प्युटर आणला आणि रेल्वेतून रिटायर झालेल्या काकाजींना त्यात बुद्धिबळ सापडलं. मग दोन वर्षं ते रोज हरले. हरले की रुमालानं स्क्रीन पुसून म्हणत, "हव बाबू, तू हुशार." त्याला ते बाबूच म्हणत. उन्हाळ्यात स्वतः घामाघूम बसून कूलरचं तोंड बाबूकडे फिरवत.

आमच्याकडे सून सासऱ्यांसमोर बोलत नाही, सासरेही तिच्याशी थेट बोलत नाहीत. त्यामुळे माझ्यासाठीचा निरोप बाबूला मिळे. "बाबू, आज चहात साखर नाही वाटते." मी साखर आणून ठेवायची. मी दाराशी भाजी निवडताना खेळ बघते हे त्यांनी ओळखलं, तेव्हापासून ते प्रत्येक चाल बाबूला समजावून सांगू लागले. ज्यानं हरवायचं त्यालाच शिकवणी. मी खेळ शिकले तो असा.

पोटाच्या दुखण्यानं खंगले तेव्हा त्यांचं एकच म्हणणं होतं: जिंकणं राहू दे, जायच्या आधी एक बरोबरी व्हावी.

त्या सकाळी त्यांच्याकडे नुसता राजा उरला. बाबूकडे राजा, एक उंट आणि कडेचं एक प्यादं. बाबू जिंकतो आहे, असंच स्क्रीनवरचा आकडा सांगत होता. काकाजी मात्र हसत होते. प्याद्याचा वजीर व्हायचं ते कोपऱ्यातलं घर पांढरं, आणि उंट काळ्या घरांवरचा, तिथं त्याचा जोर नाही. राजा त्या कोपऱ्यात बसला की त्याला कोणी उठवू शकत नाही, आणि डाव बरोबरीत सुटतो. बाबूला एवढं कळत नव्हतं.

"त्याले वाटून राहिलं, आपण जिंकलो," ते म्हणाले आणि तेवढ्यात कळ आली. ह्यांनी ऑटो आणला. हे आणि ऑटोवाला धरून दवाखान्यात नेत होते, तेव्हा काकाजी दारात थांबले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले.

"सूनबाई, बाबूले बंद नको करू. राजा कोपऱ्यातच ठेव."

मी ठेवला. कोपरा, शेजारचं घर, पुन्हा कोपरा. बाबूचा उंट सदर बाजारात वाट चुकलेल्या माणसासारखा नुसता फिरत राहिला. कणीक भिजवलेली तशीच राहिली. पन्नास चालींत प्यादं पुढे सरकलं नाही, तसा दुपारी खेळ आपणच थांबला आणि दोघांपुढे अर्धा-अर्धा गुण आला. काकाजी घरी आले की त्यांच्या तोंडावर सांगायचं, असं ठरवून मी ते वाक्य मनात घोकत बसले.

संध्याकाळी हे एकटेच आले. चपला न काढता ओट्यावर बसून राहिले.

तेरवीनंतर पाहुणे गेले, घर रिकामं झालं. मी काकाजींच्या रुमालानं स्क्रीन पुसली, डोक्यावर पदर घेतला.

"बाबू," मी म्हणाले, "काकाजीले सांग. बरोबरी झाली."