बाहुलीच्या लग्नाची अक्षत

आमच्या शाळेत बाहुलीचं लग्न लागलं आणि अख्खा गाव वऱ्हाडी म्हणून आला, हे सांगितलं की नातवंडं फिदीफिदी हसतात. हसा लेको! त्या लग्नावर माझी शाळा टांगलेली होती.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीचं भाईंदर. होळीनंतर मिठाचा हंगाम भरात आला की आईवडील दोघंही मिठागरावर राबायचे आणि तान्ह्या भावाकडे बघायला घरी कुणीतरी हवं होतं. वडिलांनी बजावलं होतं, "होळी झाली का शाला बंद. तशीबी तिथं खेलतेसच ना? मंग घरी खेल."

खेळत होते, खोटं कशाला बोलू? बिगारीच्या वर्गात आधीचे मास्तर छडी घेऊन पाढे घोकून घ्यायचे. मला ओ की ठो कळत नसे. मग नव्या बाई आल्या. जवळच्या पाली गावच्या ख्रिस्ती घरातल्या, आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी त्यांनी छडीला फडकं बांधलं आणि त्या छडीनं जळमटं काढली. मग विचारलं, "घरी काय खेळता?" आम्ही ओरडलो, "बाहुलीचं लगीन!"

झालं, वर्गात लगीनघाई सुरू. मुंडावळ्यांचा म आणि बाशिंगाचा ब कोळशानं फरशीवर. वऱ्हाड मोजायला चिंचोके, दहा-दहाचे ढीग. एका पानावर पाच बत्तासे, तर दोन पानांवर किती? पाढा म्हणजे पंगतीत वाढत जाणं, हे मला तेव्हा कळलं. इतका आनंद झाला की घरी आईला भाकऱ्या वाढतानाही मी मोजून दाखवायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, "जा, बोलावणं करून या." त्यांच्या मनात शाळेतलेच वरचे वर्ग बोलवायचे होते. आम्ही मात्र हळदीच्या अक्षता घेऊन गावभर फिरलो आणि उंबऱ्याउंबऱ्यावर ठेवून आलो. आमच्यात उंबऱ्यावर अक्षत पडली की जायलाच हवं, नाही गेलं तर भाऊबंदकीत वैर. बाईंना हे कुठून ठाऊक असणार? "लगीन कुठं हाय?" "शालेत." एवढंच बोलणं झालं. लोकांना वाटलं, बाईंनी कुणाचं तरी कार्य शाळेत मांडलं असेल.

दुसऱ्या दिवशी नवी लुगडी नेसून गाव दारात! लग्नं लावणारी, लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी धवलारीणसुद्धा आली. बाईंचा चेहरा उतरला, पण घटकाभरच. "या, बसा," म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या, "वाढप तुझं ना? मग बघ."

बत्तासे आमच्या वर्गापुरते. समोर वडील बसलेले, शेजारी भावाला मांडीवर घेऊन आई. वाढप कमी पडणं म्हणजे काय, ते आमच्या घराला विचारा. वडिलांच्या लग्नात भात संपला होता, आणि भाऊबंद अजून टोमणे मारायचे.

मी चिंचोके घेऊन पंगतीतून फिरले, माणशी एक ठेवत. मग ते गोळा करून ढीग लावले आणि शेजारी बत्तासे मांडले. पाच कसले, एकेकच पुरणार होता. बाई हात मागे बांधून उभ्या, एक अक्षर बोलल्या नाहीत. धन्य ती बाई! मी असते तर दहादा मध्ये तोंड घातलं असतं. शेवटच्या पानापर्यंत पुरले, वर थोडे उरले. मग धवलारणीनं बाहुलीसाठी गाणं म्हटलं, तेही पूर्ण, काही न गाळता.

वडील बत्तासा हातात धरून तसेच बसले होते. घरी जाताना एवढंच विचारलं, "एकेक वाढ, असा कुनी सांगितला तुला?"

"कुनी न्हाय."

होळी झाली. सकाळी मी मुकाट्यानं भावाला उचलायला गेले, तर वडिलांनी त्याला फडक्यात घेतलं, स्वतःच्या पाठीला बांधलं आणि आगराकडे चालू लागले. बाप्यानं पाठीशी पोर बांधून मीठ ओढायचं! बांधावरची माणसं पोट धरधरून हसली. पाऊस पडून आगर बंद होईपर्यंत लोक हसत होते, आणि वडील रोज तसेच जात होते.