भरभर टाइप केलं की येणारा बग

लेकीने नव्या लॅपटॉपला हळदकुंकू लावून उदबत्ती ओवाळली, आणि त्या वासाने मला थेट चिंचपोकळीच्या छापखान्यात नेऊन बसवलं. आमचे मालकही रोज सकाळी कॉम्प्युटरला अशीच ओवाळायचे.

तिथे मी गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका टाइप करायचे. आमच्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह करताना कधीकधी शेवटचा परिच्छेदच गायब व्हायचा. मी तक्रार लावून धरली, तेव्हा कुठे सॉफ्टवेअर कंपनीचा इंजिनीयर आला. "करून दाखवा," म्हणाला. तो शेजारी, मालक मागे उभे. मी जपून, एकेक अक्षर टाइप केलं. काहीच गेलं नाही. मालक हसले आणि चहा सांगायला खाली गेले. मी चिडून नेहमीसारखी भरभर बडवत सुटले, हात न थांबवता सेव्ह केलं, आणि परिच्छेद गेला. पुन्हा केलं, पुन्हा गेला.

"अहो, होतंय खरं," इंजिनीयर पुटपुटला. सुटकेने मला रडूच यायचं बाकी होतं.

मालक वर आले. इंजिनीयरने बॅग उचलली. "सिस्टीम ओके आहे, शेठ. मॅडमचाच हात चुकतोय."

"अहो, आत्ता यांनी बघितलंय!" मी ओरडले.

"मशीन कशाला खोटं बोलेल गं?" मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीवर नवी मुलगी होती, आणि मालक कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळत होते. तेव्हा राग मालकांचा आला होता. आता येतो तो त्या पुटपुटण्याचा.

लेकीच्या हातातली उदबत्ती मी काढून घेतली आणि नळाखाली धरली.