कमानीवरचा काप

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. तो काप माझ्या ब्लेडचा होता.

पंजाबातल्या दहशतवादाच्या वर्षांत मी चंदीगडला, सेक्टर ३४ मधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. अमेरिकेत शिकलेल्या आमच्या साहेबांकडे तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या एका वास्तुकाराच्या हातची काही चित्रं होती. जाड दगडी कमानी, एकेक चिरा वेगळा काढलेला. ती ज्या कपाटात असत, त्याची किल्ली साहेबांखेरीज फक्त माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सरदारजींकडे असे. मी त्यांना वीरजी, म्हणजे थोरले भाऊ, म्हणायचो, ते मला 'मराठे'. साहेबांचा नियम एकच: नक्कल नजरेनं करायची, चित्रावर ट्रेसिंगचा कागद ठेवायचा नाही.

गावाकडचं वातावरण बिघडलं म्हणून वीरजी आईला आणायला निघाले, तेव्हा एका कमानीची नक्कल करायला म्हणून मी किल्ली मागून घेतली. "हाथ से बनाना, मराठे. चोरी नहीं," ते हसत म्हणाले.

मला धीर कुठला. दुपारी साहेब पंचकुल्याच्या साइटवर गेले आणि मी ट्रेसिंग थेट चित्रावर ठेवून कमान शाईनं गिरवली. एक रेघ चुकली. चुकलेली शाई आम्ही अर्ध्या ब्लेडनं खरवडायचो, तशी खरवडली. ब्लेड आरपार गेलं. मूळ कमानीवर बोटभर काप. चित्र होतं तसं आत सारलं, किल्ली वीरजींच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

ते कर्फ्यूत अडकले. तेवढ्यात साहेबांनी कपाट उघडलं. ओरडले नाहीत. "इतना भरोसा किया था," एवढंच. बाजूचा कारकून म्हणाला, "आजकल इनका क्या भरोसा, जी." मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत राहिलो.

वीरजी परतले, त्यांना आत बोलावणं आलं. बाहेर येऊन त्यांनी मला हळूच विचारलं, "तूने तो नहीं निकाला था?"

"नहीं, वीरजी. टाइम ही नहीं मिला."

ते स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. "फिर मेरे से ही हुआ होगा, यार." आणि आत जाऊन त्यांनी तसं कबूल केलं.

नोकरी गेली. साहेबांच्या चिठ्ठीशिवाय, त्या दिवसांत, पगडीवाल्याला दुसरीकडे कोण ठेवणार? ज्या गावातून आईला बाहेर काढलं, तिथंच तिला घेऊन ते परत गेले.

पुढं त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. मी शोधलंही नाही. तुमच्या हातून काही झालं नव्हतं, काप मी केला, हे सांगायचं देणं मी त्यांचं अजून लागतो.